एचएचओ किट बसवायचंय? आधी हिशोब करा, मग पाना हातात घ्या

"पाण्यावर ॲव्हरेज वाढतं" म्हणत किट विकणारे पुण्यात भेटतात. किटमध्ये असतं काय, तर स्टीलच्या प्लेटा, कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घातलेलं पाणी, बॅटरीचा करंट, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन-ऑक्सिजन (हाच एचएचओ) नळीने इंजिनच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाइपात, सोडायचा.

आता हिशोब बघा. 6 सेल (प्लेटा आणि पाण्याचे कप्पे) सिरीजमध्ये, 10 अँपिअर, 14 व्होल्ट, म्हणजे 140 वॅट गेले. गॅस मिळतो मिनिटाला 0.6 ते 0.7 लिटर, आणि त्यातला सगळा हायड्रोजन जळला तरी उष्णता 75 वॅटच्या आसपास, त्यातलाही पाव हिस्सा चाकापर्यंत पोचला तर नशीब. आणि ते 140 वॅट अल्टरनेटरकडून येतात, म्हणजे शेवटी पेट्रोलच जाळून! हायड्रोजनने पातळ मिक्श्चर (पेट्रोल कमी, हवा जास्त) नीट जळतं हे खरंय, पण त्यासाठी गॅस भरपूर लागतो आणि ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर) नव्याने ट्यून करावा लागतो, नाहीतर एक्झॉस्टमध्ये जादा ऑक्सिजन दिसला की तो उलट पेट्रोल वाढवतो.

(2022 मध्ये पुण्यात आलेली हायड्रोजन बस वेगळी, ती फ्युएल सेलवर चालते, तिचं उदाहरण देऊन कोणी किट गळ्यात मारत असेल तर ऐकू नका.)

तरी हौस असेलच तर जुनी कार्ब्युरेटरवाली कार घ्या, नवी नको, वॉरंटी आणि इन्शुरन्सची भानगड होते. प्लेटा 316 एल स्टीलच्या, पाणी डिस्टिल्ड. मीठ अजिबात टाकू नका, क्लोरीन सुटतो. हातमोजे-गॉगल घालून पोटॅश पाण्यात थोडं थोडं टाका, पाणी पोटॅशवर ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं.

सेल आणि इंजिनच्या मधे बबलर (गॅस ज्यातून बुडबुडत जातो ते पाण्याचं भांडं) हवाच हवा. हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्के असला तरी पेटतो, बॅकफायरची ज्योत नळीतून मागे आली तर ती बबलरच्या पाण्यात विझली पाहिजे, सेलपर्यंत जाता कामा नये. गॅस बाटलीत साठवायचा नाही, आणि सोसायटीच्या बंद बेसमेंटमध्ये तर ट्रायलसुद्धा नको. फ्यूज लावा, आणि रिले (किटचा करंट चालू-बंद करणारा स्विच) नुसता चावीवर न ठेवता ऑइल प्रेशर स्विचवर घ्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की गॅसही बंद.

फरक बघायचा तर टाकी फुल करून, त्याच पंपावर, त्याच रस्त्याने, टायरची हवा सारखी ठेवून किट चालू आणि बंद अशा आलटून पालटून टाक्या मोजा. किट चालू-बंद दुसऱ्याला करायला सांगा आणि कधी चालू होतं ते शेवटपर्यंत विचारू नका, नाहीतर पाय आपोआप हलका पडतो आणि श्रेय किटला जातं.