ओरिएंटेशन, रिफ्रेशर आणि नवा सहायक प्राध्यापक

सीनियर कॉलेजात रुजू झालं की स्टाफरूममधली ज्येष्ठ मंडळी दोन सल्ले हमखास देतात. सेवापुस्तकातल्या नोंदी स्वतः बघून घ्या, हा एक. आणि ओरिएंटेशन-रिफ्रेशरची, म्हणजे शिक्षकांसाठीच्या सक्तीच्या प्रशिक्षण वर्गांची, घाई नको, प्लेसमेंट (वरच्या वेतनश्रेणीतली बढती) जवळ आली की उरकून टाकू, हा दुसरा. पहिला निमूट ऐकावा. दुसरा मला पटत नाही. मी अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि आयक्यूएसीचं (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचं) काम माझ्याकडे असल्यामुळे सहकाऱ्यांच्या कॅसच्या (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे पदोन्नतीच्या योजनेच्या) फायली माझ्या टेबलावरून पुढे जातात. त्या फायली चाळताना, आणि त्याहून जास्त स्वतःच्या वर्गात, जे दिसलं त्यावरून हे लिहिते आहे.

आधी रुक्ष भाग, कारण सगळ्यांना तोच आधी हवा असतो. यूजीसीची २०१८ ची नियमावली महाराष्ट्र शासनाने मार्च २०१९ च्या जीआरने लागू केली. तिच्यानुसार सहायक प्राध्यापक लेव्हल १० या वेतनस्तरावर, ५७,७०० रुपये मूळ वेतनावर लागतो. लेव्हल ११ ला (६८,९००) जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा वर्षं सेवा लागते. सोबत अध्यापन पद्धतीवरचं २१ दिवसांचं एक ओरिएंटेशन, आणि त्याखेरीज किमान आठवडाभराचा एक रिफ्रेशर, एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम) किंवा कार्यशाळा, नाहीतर प्रमाणपत्रासह एक 'मूक' (MOOC, सर्वांना खुला ऑनलाइन) कोर्स. ११ वरून १२ वर (७९,८००) जाताना पाच वर्षं आणि दोन-दोन आठवड्यांचे दोन कोर्स. दोन आठवड्यांच्या एका कोर्सऐवजी एकेक आठवड्याचे दोन चालतात. पुढे १२ वरून १३ए, म्हणजे सहयोगी प्राध्यापकपद (१,३१,४००). तिथे तीन वर्षं, आणखी एक कोर्स आणि पीएच.डी. सक्तीची. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमावलीचा मसुदा आणला होता, त्यामुळे अर्ज करताना कोणता नियम लागू आहे ते मूळ कागदावरून वाचा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका. तो बहुधा दुसऱ्याच विद्यापीठाचा असतो.

अर्ज देय तारखेच्या तीन महिने आधी करता येतो. किमान सेवा पूर्ण होताच अर्ज केला आणि पात्र ठरलात, तर पदोन्नती त्याच तारखेपासून धरतात. पण त्या तारखेला एखादा कोर्स बाकी असेल तर पदोन्नतीची तारीखही पुढे ढकलली जाते. वेतनातला तो फरक निवृत्तीपर्यंत सोबत येतो. लवकर करा म्हणण्याचं माझं व्यवहारी कारण एवढंच. खरं कारण वर्गातलं आहे.

या कोर्सेसची नावं नवख्याला गोंधळात पाडतात. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं सुरू झाली. पुढे त्यांची ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर झाली आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन टीचर ट्रेनिंग सेंटर आहेत. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत अशी केंद्रं आहेत, गोवा विद्यापीठातही आहे. ओरिएंटेशनला आता फॅकल्टी इंडक्शन प्रोग्रॅम म्हणतात, त्याची यूजीसीची मार्गदर्शिका 'गुरुदक्षता' नावाने आहे. पण मस्टरवर सही करताना आजही जो तो 'ओरिएंटेशनला गेलेत' असंच सांगतो, आणि ते सगळ्यांना कळतं.

इंडक्शन चौथ्या वर्षी केलं तर तोवर नोट्स पिवळ्या पडलेल्या असतात, शिकवण्याची चाल बसून गेलेली असते आणि माणूस तिथे केवळ हजेरीसाठी बसतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षी गेलात तर डोक्यात ताजे प्रश्न असतात. शेवटच्या बाकावरचा मुलगा वर का बघत नाही, एकशेवीस मुलांच्या वर्गात प्रश्न विचारायचा कसा, वगैरे. तेवढ्या दिवसांत व्याख्यानं पुष्कळ होतात. त्यातली काही छान असतात, काही स्लाइड वाचून दाखवणारी, आणि दुपारच्या सत्रात योग व ताणव्यवस्थापन ठरलेलं. (ते सत्र जेवणानंतर का ठेवतात हे मला कधीच कळलं नाही.) हे सगळं सोसण्यासारखं होतं ते सूक्ष्म अध्यापनामुळे.

सूक्ष्म अध्यापनात प्रत्येकाने आठ-दहा मिनिटं शिकवायचं असतं आणि समोर बसलेले सगळे वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक असतात. मी झाडात पाणी वर कसं चढतं ते घेतलं होतं. झायलम, मूळदाब, बाष्पोत्सर्जन अशा पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने सगळं सांगून झालं. अकाउंट्सच्या एका सरांनी हात वर केला: "मॅडम, पण ओढतं कोण? खाली मोटर नाही, वर टाकी नाही." बीएस्सीच्या मुलांनी हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. विचारण्याची गरजच नव्हती, व्याख्या लिहिली की गुण मिळत होते. सरांना मग सांगितलं की पानांतून वाफ निघून गेली की वरून ताण पडतो, पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहतात आणि अख्खा स्तंभ तुटल्याशिवाय वर सरकतो. तेव्हापासून हा धडा मी त्या प्रश्नानेच सुरू करते आणि मूळदाब नंतर घेते, कारण उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी पोचवणं त्याला झेपत नाही. मुलं आधी अंदाज बांधतात, चुकतात, एकमेकांशी भांडतात. त्याच सरांनी नंतर स्वतःच्या पाळीत घसारा शिकवला. पाच लाखांचा टेम्पो घेतला, दरवर्षी त्याची किंमत दोन पद्धतींनी कमी करत नेली आणि कोणत्या पद्धतीत पहिल्या वर्षी नफा कमी दिसतो ते आम्हालाच काढायला लावलं. मला ते पहिल्या झटक्यात कळलं. तोवर बॅलन्स शीट या गोष्टीशी माझं नातं फक्त पतपेढीच्या वार्षिक अहवालापुरतं होतं.

म्हणून माझा आग्रह: सूक्ष्म अध्यापनाला सोपा, पाठ असलेला विषय निवडू नका. वर्गात जो घटक दरवर्षी अडतो तोच घ्या. केंद्रातले तज्ज्ञ देतात तो शेरा साधारण गोड असतो ("आवाज चांगला आहे, फळ्याचा वापर वाढवा"). खरी मदत होते ती परक्या विषयाच्या माणसाच्या कपाळावरच्या आठीची.

दुसरं, जाताना स्वतःच्या दोन जुन्या प्रश्नपत्रिका सोबत न्या. मूल्यमापनावर एखादं सत्र असतंच आणि त्यात ब्लूमच्या पायऱ्यांचा, म्हणजे पाठांतरापासून वर चढत जाणाऱ्या विचारपातळ्यांचा, त्रिकोण दाखवतात. त्रिकोण पाहून काही होत नाही. आपल्या प्रश्नपत्रिकेतल्या प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलने लिहा की याला पाठांतर पुरतं, की समजून लावावं लागतं. 'टीपा लिहा' हा आपल्या विद्यापीठांचा लाडका प्रश्नप्रकार त्या कसोटीवर किती टिकतो ते लगेच दिसतं. परत आल्यावर सीओ-पीओच्या (कोर्समधून आणि पदवीतून मुलांना काय यायला हवं याच्या) एक्सेल तक्त्यात एक, दोन, तीन असे आकडे भरायचेच असतात. निदान त्यामागे काहीतरी पाहिलेलं असेल.

ऑनलाइन की प्रत्यक्ष? २०२० नंतर ऑनलाइन फार वाढलं आणि लहान मुलं असलेल्या शिक्षिकांसाठी ती खरोखर सोय आहे. पण ऑनलाइन असताना कॉलेज तुम्हाला सोडत नाही. 'घरूनच तर आहे' म्हणून एका कानाला हेडफोन आणि समोर अंतर्गत परीक्षेचे पेपर, ही स्थिती मी पुष्कळांची पाहिली आहे. इंडक्शन तरी शक्यतो प्रत्यक्ष जाऊन करावं. ऑनलाइनच करायचं असेल तर प्राचार्यांकडून कर्तव्यरजा लेखी घ्या आणि वेळापत्रकातले तास आधी सहकाऱ्यांकडे वाटून द्या.

लॉकडाऊनमध्ये एकदिवसीय वेबिनारांचा पूर आला. गुगल फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र मेलवर हजर. काहींच्या फायलीत अशी प्रमाणपत्रं ढिगाने असतात, आणि कॅसच्या कोर्सच्या अटीत त्यातलं एकही बसत नाही, कारण किमान मुदतच आठवड्याची आहे. छाननी समितीपुढे तो गठ्ठा ठेवल्याने काम सोपं होत नाही, उलट नेमकं हवं ते प्रमाणपत्र शोधण्यात सगळ्यांचा वेळ जातो.

रिफ्रेशर निवडताना तारखा बघून जो मिळेल तो घेण्याकडे कल असतो. माझं मत थोडं वेगळं आहे: एक आपल्या विषयातला घ्या आणि एक मुद्दाम बाहेरचा. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांमध्ये २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण आलं. ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भारतीय ज्ञानप्रणाली असे पेपर कुणाच्याही वाट्याला येऊ लागले. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला वाणिज्य शाखेच्या मुलांसमोर उभं राहावं लागतं. अशा वेळी स्वतःच्या विषयातला चौथा रिफ्रेशर काही कामाचा नाही.

मूकचा पर्याय मात्र मला मनापासून आवडतो. 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे एनपीटीईएलचे (आयआयटींच्या उपक्रमाचे) कोर्स बघा. शिकायला मोफत, परीक्षेची फी वेगळी. बारा आठवड्यांच्या कोर्सात दर आठवड्याला असाइनमेंट असते, त्यातल्या सर्वोत्तम आठ धरून २५ गुण, आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५. दोन्हींत किमान गुण मिळवावेच लागतात. मधल्या आठवड्यांत उत्साह ओसरतो, असाइनमेंट शेवटच्या रात्री अपलोड होते, आणि परीक्षा केंद्रावर आपलेच माजी विद्यार्थी शेजारच्या संगणकावर बसलेले दिसतात. इतकी वर्षं 'मुलं वेळेवर जर्नल का देत नाहीत' म्हणून चिडणाऱ्या शिक्षकाला याहून चांगलं प्रशिक्षण मिळणं अवघड आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याच केंद्रात होत नाही. कॅसच्या अर्जात अध्यापनाचं मोजमाप असं आहे: नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर 'चांगले', ७० ते ८० मध्ये 'समाधानकारक'. तास घेतला एवढं कळतं. त्या तासात काय झालं, हे एकही रकाना विचारत नाही. ते विचारायचं तर आपणच. आमच्याकडे आम्ही दोघी-तिघी एकमेकींच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसतो. आधी अवघडल्यासारखं होतं, मुलंही वळून वळून बघतात, दुसऱ्या खेपेपासून कुणाला काही वाटत नाही. नियम एकच ठरवला आहे: शिक्षिकेकडे नाही, मुलांकडे बघायचं. कोणत्या मिनिटाला पेनं थांबली, कुठे कुजबुज सुरू झाली, तेवढंच टिपून द्यायचं. आणि सत्राच्या शेवटी भरून घेतात त्या पाच पर्यायांच्या फीडबॅक फॉर्मवर माझा फारसा विश्वास नाही. तास संपताना कागदाचा चिटोरा देऊन 'आज काय कळलं नाही?' एवढंच विचारा, नाव न लिहिता. पहिल्यांदा निम्मे कोरे येतात.

कागदपत्रांचं थोडक्यात: कोर्सच्या निवडीचं पत्र, कर्तव्यरजेचा आदेश, कार्यमुक्ती, परत रुजू झाल्याचा अहवाल आणि प्रमाणपत्र, हा संच एकत्र ठेवा. कोर्स संपल्याच्या आठवड्यातच प्रती आयक्यूएसीला द्या. प्रमाणपत्रावरचं नाव आणि सेवापुस्तकातलं नाव एकच आहे ना, तेही पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंची फाईल त्यावरून परत आल्याचं मी पाहिलं आहे.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना हे सगळं परक्याचं लग्न वाटेल, आणि त्यात तथ्य आहे. कॅस तुम्हाला लागू नाही. निवडीच्या वेळी पहिल्या छाननीत गुण मिळतात ते पदवी, पीएच.डी., नेट-सेट, शोधनिबंध आणि अनुभवाचे, ओरिएंटेशनचे नव्हेत. तेव्हा तुटपुंज्या मानधनातून फी भरून प्रमाणपत्रं गोळा करू नका. 'स्वयं' पोर्टलवरचं मोफत तेवढं ऐका, आणि कॉलेजात कुणी चांगलं शिकवतं असं मुलांकडून कळलं तर परवानगी घेऊन त्यांच्या तासाला बसा. बहुतेक जण हो म्हणतात.