शूट आटपलं? मिनिटभर थांबा

सरावाच्या फिल्ममध्ये आमचं चित्र बरं आलं होतं, घात केला आवाजानं. स्वयंपाकघरातला सीन. एडिटला बसल्यावर कळलं, आईच्या वाक्यामागे फ्रिज घरघरतोय, मुलाच्या वाक्यामागे नाही. प्रत्येक कटला आवाज खटकन तुटायचा.

फायनल प्रोजेक्टला सीन संपल्यावर कुणालाही हलू दिलं नाही. माणसं, लाइट, माइक जिथल्या तिथे ठेवून मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड केली. याला रूम टोन म्हणतात. 30 सेकंद तरी हवाच. संवादांखाली तो अंथरला की कट ऐकू येत नाहीत. शेजारच्या खोलीतली शांतता मात्र इथे चालत नाही, प्रत्येक खोलीची वेगळी असते.

पंखा आणि फ्रिज टेकपुरते बंदच. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय घरी निघता येत नाही. (पहिल्या वेळी काकूंचं दोन लिटर दूध नासलं होतं.) आणि ट्यूबलाइट फ्रेममध्ये लुकलुकली तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड 1/50 सेकंदावर आणा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे.