फवारणीचा ड्रेस: वापरून फेकायचा की धुऊन वापरायचा? हिशोबातल्या या चुका टाळा

कपाशीवर फवारणी सुरू झाली की चोपडा, अमळनेर, शहाद्याच्या कृषी केंद्रांत संरक्षक ड्रेसची चौकशी होते. वापरून फेकायचा पांढरा सूट स्वस्त दिसतो, धुण्याजोगा कापडी ड्रेस महाग. फक्त नगाची किंमत बघून घेतलेला निर्णय बहुतेक वेळा चुकतो.

खर्च एका फवारणीमागे काढा. समजा, फेकायचा सूट 150 रुपयांना आहे. कापडी ड्रेस 900 चा, 30 धुण्यांपर्यंत टिकणारा, आणि एका धुण्याचा खर्च 15 रुपये. मग कापडी ड्रेस एका फवारणीला 45 रुपयांत पडतो आणि सातव्या फवारणीपासून स्वस्त ठरतो. आकडे तुमच्या दुकानातले घाला, रीत हीच. मात्र किती धुण्यांपर्यंत औषध आत झिरपत नाही, ते लेबलवर पाहा. ड्रेस फाटेपर्यंत दिवस मोजले तर हिशोब खोटा येतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे फेकायचा सूट पाच-पाच वेळा घालून "30 रुपयांत पडला" म्हणणे. तो बहुधा न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा असतो. साबणाने त्याची ओल अडवण्याची ताकद कमी होते, आणि काखेत व जांघेत तो उसवतो. आतून लागलेलं औषध पुढच्या वेळी घामाबरोबर थेट अंगावर येतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. एवढं पाहिल्यावर 150 रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

दुसरी चूक धुण्याची. सालदाराच्या घरी त्याची बायको हा ड्रेस पोरांच्या कपड्यांत मिसळून धुते आणि मालकाच्या वहीत धुण्याचा खर्च शून्य लागतो. हे मला अजिबात पटत नाही. ड्रेस त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, रबरी हातमोजे घालून धुवायचा, आणि ते पाणी विहीर-नाल्यापासून लांब टाकायचं. साबण, मोजे आणि मेहनत, तिन्हींचे पैसे धरा. ब्लीच वापरू नका, त्याने कापडावरचा औषध अडवणारा थर खराब होतो.

औषध कालवताना ड्रेसवर प्लास्टिकचा एप्रन घाला. न मिसळलेलं औषध अंगावर सांडलं तर कापडी ड्रेससुद्धा धुऊन वाचत नाही, टाकावाच लागतो. थोड्या पैशांचा एप्रन महागडा ड्रेस वाचवतो, ही नोंद फार थोड्यांच्या हिशोबात असते.

उकाडाही किमतीत धरा. जाड, हवा न खेळणारा सूट ऑक्टोबरच्या उन्हात माणूस तासाभरात काढून ठेवतो, आणि न घातलेल्या सूटचे पैसे वायाच. फवारणी सकाळी लवकर उरका.

मोसमात तीन-चारच फवारण्या असतील तर फेकायचे सूट घ्या, पण खरंच दर वेळी नवा. वापरलेले शेतात जाळू नका. रावेर-यावलला केळीवर करप्यासाठी वरचेवर फवारणारे आणि रोजाने पंप घेऊन फिरणारे यांना कापडी ड्रेसच परवडतो, तोही दोन जोड, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा अंगावर. दोन्ही जोड पुरते वापरले तर फवारणीमागचा खर्च तोच राहतो, फक्त सुरुवातीला रक्कम दुप्पट लागते. मजूर लावत असाल तर हे पैसे मालकाने द्यायचे, आणि तेही मजुरी ठरवतानाच बोलून घ्यायचं.