मेंटर मिळतो, पण त्याला विचारायचं काय? (डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांसाठी खास)

मी मूळची उदगीरची, लातूरला डिप्लोमा केला आणि डायरेक्ट सेकंड इयरला (म्हणजे डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला) पुण्यात ईएनटीसीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला आले. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही कारण कमीजास्त सगळीकडे हेच चालतं. आमचे कॅपचे (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे) राऊंड संपेपर्यंत वर्ग चालू होऊन कितीतरी दिवस झालेले. एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा, तो तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम असतो ना, ज्यात वीसेक पोरांचा ग्रुप करून एक सर आणि एखादा सीनियर जोडून देतात, तो फर्स्ट इयरला असतो. आपण थेट दुसऱ्या वर्षात, त्यामुळे लायब्ररी कुठे इथपासून सगळं स्वतःच शोधायचं.

मग कळलं की आपल्याला जीएफएम असतो, म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर, ठराविक पोरांकडे लक्ष ठेवणारे सर किंवा मॅडम. काही कॉलेजात टीजी (टीचर गार्डियन) म्हणतात. पहिल्या मीटिंगला मॅडमनी फॉर्म दिला: ब्लड ग्रुप, वडिलांचा व्यवसाय, छंद, आणि स्वतःचं स्वॉट अॅनॅलिसिस, म्हणजे आपल्या जमेच्या बाजू, वीकनेस, संधी आणि धोके!! मी वीकनेसमध्ये 'इंग्लिश' लिहिलं, सही केली, दहा मिनिटांत बाहेर. नंतर कळलं की नॅकवाले (कॉलेजला दर्जा देणारे) मेंटर आणि विद्यार्थ्यांचं प्रमाण विचारतात, फाईल त्यासाठी लागते. मी तेव्हाच ठरवून टाकलं की हे सगळं कागदावरचं आहे, आणि तिथेच माझी चूक झाली.

कारण ऑक्टोबरात एम-थ्रीच्या (मॅथ्स-थ्री) इनसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, ३० पैकी ७ आले. डिप्लोमाला ८४ टक्के असलेली मुलगी मी, रूमवर दोन दिवस जेवले नाही. घरी फोनवर "बरं चाललंय". मॅडमकडे गेले ते पण कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं म्हणून, स्वतःहून नाही. त्यांनी फार काही ऐकून घेतलं नाही, लेक्चरला पळायचं होतं त्यांना, पण जाताजाता बीईच्या (शेवटच्या वर्षाच्या) एका ताईचा नंबर दिला, तीसुद्धा डिप्लोमाचीच होती.

ताईला मी मेसेज केला, "हाय ताई, गायडन्स पाहिजे होता." तिचा रिप्लाय, "कशाचा?" आणि मला खरंच सांगता येईना. एक दिवस घालवून मग लिहिलं की एम-थ्रीच्या इनसेमला ७ आलेत, एलडीई (लिनियर डिफरन्शियल इक्वेशन्स, पहिलं युनिट) कळत नाही, एंडसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला, सुरुवात कुठून करू. तिने कँटीनला बोलावलं आणि पहिलंच वाक्य असं बोलली की माझं अर्धं टेन्शन गेलं: "अगं इनसेम पहिल्या दोन युनिटवर असते, एंडसेमचे ७० मार्क तीन ते सहावर आहेत, तुझी पाटी कोरी आहे." मी वेड्यासारखी एलडीईच घोकत बसले होते! मग तिने न्यूमेरिकल मेथड्सपासून सुरू करायला लावलं, ते डिप्लोमामुळे ओळखीचं होतं, आणि दर रविवारी सोडवलेल्या पेपरचा फोटो मागायची. फक्त फोटो, लेक्चर नाही. विषय सुटला, म्हणजे पास झाले.

दुसरी गोष्ट तिने न विचारता सांगितली. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर) फी सवलतीचा फॉर्म मी भरला होता, पण पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता म्हणून वेगळी योजना आहे हे मला माहीतच नव्हतं. वडील अल्पभूधारक, म्हणजे आम्ही बसत होतो. आणि फॉर्म भरला की झालं असं नसतं, तो कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, क्लार्ककडे जाऊन विचारावं लागतं. इथे मात्र जीएफएम मॅडम कामाला आल्या, त्यांच्या एका फोनवर माझा अर्ज पुढे सरकला. म्हणजे ऑफिस, अटेंडन्स, सबमिशन अडलं तर जीएफएम, आणि अभ्यास कसा करायचा, कुठली इलेक्टिव्ह घ्यायची यासाठी सीनियर. मी दोन्हीकडे उलटं मागत होते.

आयआयटी मुंबईत हे सीनियर मेंटर निवडताना इंटरव्ह्यू घेतात म्हणे, आणि अभ्यासासाठी विभागाचे मेंटर वेगळे असतात. आपल्याकडे तसं नसेल तर आपल्याच गावाचा, आपल्याच डिप्लोमा कॉलेजचा सीनियर शोधा, लाजू नका. मेसेजमध्ये आधी तुम्ही काय करून पाहिलं ते लिहा, मग एकच प्रश्न. पहिल्याच मेसेजला रेफरल (नोकरीसाठी शिफारस) मागू नका प्लीज. आणि सांगितलेलं केलं की नाही ते आठवड्याने कळवा, नाही जमलं तरी कळवा, बहुतेक पोरं इथेच गायब होतात.

आता मी नोकरी करते आणि कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांकडून चार ज्युनियर माझ्याकडे आलेत. त्यातला एक सलग अकरा दिवस नुसतं "गुड मॉर्निंग मॅम" पाठवत होता, गुलाबाच्या फुलासकट. बाराव्या दिवशी मीच फोन केला. इनसेमला ५ होते त्याला. मी म्हटलं मॅम नको, ताई म्हण, आणि तीन नंबरचं युनिट उघड.