एक्सप्रेसमध्ये रूट्सच्या फाईली वेगळ्या करताय? आधी क्रम बघा

एक्सप्रेसमध्ये, म्हणजे नोडवर वेब सर्व्हर लिहायच्या फ्रेमवर्कमध्ये, पहिले चार-पाच रूट्स (कुठल्या पत्त्यावर काय उत्तर द्यायचं ते) कुणालाही जमतात. मुख्य फाईल वाढत वाढत हाताबाहेर गेली की कुणीतरी सांगतं, "राउटर वापर." सल्ला बरोबरच आहे. २०१४ मध्ये एक्सप्रेस ४ आलं, तेव्हापासून राउटर म्हणजे जवळपास एक छोटं अ‍ॅपच असतं. त्याचे स्वतःचे रूट्स, स्वतःचं मिडलवेअर (उत्तर जाण्याआधी रिक्वेस्टवर चालणारं फंक्शन). प्रॉडक्ट, ऑर्डर, अ‍ॅडमिन अशा तीन फाईली करायच्या आणि मुख्य फाईलमध्ये फक्त ते राउटर जोडणाऱ्या अ‍ॅप.यूजच्या ओळी ठेवायच्या. इथवर कुठलंही ट्युटोरियल नेऊन सोडतं.

पण फाईली वेगळ्या झाल्या म्हणून रिक्वेस्टची वाट वेगळी होत नाही. रूट्स आणि मिडलवेअर ज्या क्रमाने नोंदवले, त्याच क्रमाने एक्सप्रेस वरून खाली जातं. मी अडकले ती जागा हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या अ‍ॅडमिन राउटरमध्ये सगळ्यात वर राउटर.यूज(लॉगिनतपासा) अशी ओळ होती. मुख्य फाईलमध्ये तो राउटर '/' वर बसवलेला, आणि त्याच्या खाली प्रॉडक्टचा राउटर, तोही '/' वर. अ‍ॅडमिनच्या रूट्सना आत '/अ‍ॅडमिन/यूजर्स' असे पूर्ण पत्ते दिलेले, त्यामुळे वाचताना काहीच खटकत नव्हतं. आणि लॉगिन न केलेल्या ग्राहकाला प्रॉडक्टच्या यादीवर ४०१, म्हणजे 'आधी लॉगिन करा'! प्रॉडक्टच्या फाईलमध्ये लॉगिनचं नावही नाही, मग तिथे शोधून काय मिळणार?

होतं असं, की '/' वर बसवलेल्या राउटरमध्ये प्रत्येक रिक्वेस्ट शिरते. आत तिच्या पत्त्याचा रूट आहे का, हे एक्सप्रेस आधी तपासत नाही. वर राउटर.यूज दिसलं की ते चालवतं. त्या मिडलवेअरने नेक्स्ट (रिक्वेस्ट पुढे सोडणारं फंक्शन) न बोलावता ४०१ पाठवलं की खालच्या राउटरपर्यंत काही पोचतच नाही. आम्हा कुणालाच हे दिसलं नाही, कारण पोस्टमनमध्ये (रिक्वेस्ट पाठवून बघायचं टूल) सगळ्यांचं लॉगिनचं टोकन कायम लावलेलं असायचं.

उपाय सोपा आहे. राउटर '/अ‍ॅडमिन' वरच बसवा आणि आतल्या पत्त्यांमधून तेवढा भाग काढून टाका. ते शक्य नसेल तर लॉगिनची तपासणी एकेका रूटवर लावा. आणि प्रत्येक सार्वजनिक रूट टोकनशिवाय मारून बघा. यात सूट नाही.

क्रमाचीच आणखी एक गंमत: '/ऑर्डर्स/:आयडी' वर आणि '/ऑर्डर्स/नवीन' खाली लिहिलंत, तर 'नवीन' हाच आयडी समजला जातो. ४०४ चं ('पत्ता सापडला नाही') उत्तर सगळ्या रूट्सच्या खाली, आणि एरर हँडलर त्याच्याही खाली. त्याला चारही पॅरामीटर द्या, चौथा वापरात नसला तरी; एक्सप्रेस त्याला त्या चारांवरूनच ओळखतं.

फोल्डर वाचून रूट्स आपोआप जोडणारी पॅकेजेस नवख्या माणसाने वापरू नयेत, असं माझं ठाम मत आहे. क्रम फाईलच्या नावांवर जातो आणि नजरेआड होतो. अ‍ॅप.यूजच्या दहा ओळी हाताने लिहायला कितीसा वेळ लागतो? तयार फोल्डर रचना हातात ठेवून निघून जाणाऱ्या सीनियरपेक्षा, एक रिक्वेस्ट कुठून कुठे जाते ते शेजारी बसून दाखवणारा शोधा.

घाबरू मात्र नका. पहिल्याच दिवशी कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी असे थर लागत नाहीत. एका विषयाची एक फाईल एवढ्यावर बरेच प्रकल्प निभावतात.

नवीन सुरू करत असाल तर २०२४ मध्ये आलेलं एक्सप्रेस ५ घ्या. त्याला नोड १८ किंवा पुढची आवृत्ती लागते. असिंक रूटमध्ये फुटलेली एरर ते स्वतःच एरर हँडलरकडे नेतं, हा मोठा दिलासा. फक्त जुन्या ट्युटोरियलमधला, उरलेले सगळे पत्ते पकडणारा नुसता '*' त्यात चालत नाही, त्याला नाव द्यावं लागतं: '/*बाकी' असं काहीतरी.