मोटारीच्या बॉनेटच्या बिजागऱ्यांची निगा आणि दुरुस्ती कशी करावी

बॉनेट उघडताना कुरकुर ऐकू येऊ लागली किंवा ते पूर्वीपेक्षा जड लागू लागले, की बहुतेक जण थोडा अधिक जोर लावून वेळ निभावून नेतात. पुढे होणाऱ्या मोठ्या नुकसानीची सुरुवात या जोरातूनच होते. बॉनेटची पुढची कड बिजागरीच्या पिनेपासून साधारण एक मीटर दूर असते, त्यामुळे त्या कडेवर लावलेला हाताचा जोर तरफेच्या नियमाने बिजागरीपाशी कितीतरी पटींनी वाढून पोहोचतो. पिन गंजून घट्ट झालेली असेल तर ती फिरत नाही आणि तो सगळा ताण बिजागरीलगतच्या पातळ पत्र्यावर येऊन तिथे आडवी घडी पडते. घडी पडलेला पत्रा पुन्हा पूर्ववत करणे कसबी डेंटरलाही जड जाते. म्हणून अडलेल्या बिजागरीवर कधीही जोर करू नये, आणि कोणताही बोल्ट सैल करण्यापूर्वी त्याची मूळ जागा खूण करून ठेवावी, हे दोन नियम पुढील सर्व कामांत पाळावेत.

बहुतेक मोटारींत बॉनेटला दोन बिजागऱ्या असतात आणि त्या पुढच्या काचेच्या बाजूला, डाव्या व उजव्या कोपऱ्यात बसवलेल्या असतात. प्रत्येक बिजागरीची एक बाजू बॉनेटला आणि दुसरी बॉडीला बोल्टने जोडलेली असते. काही बिजागऱ्या एकाच पिनेवर फिरतात, तर काहींत चार सांध्यांच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामुळे बॉनेटची मागची कड काचेखालच्या पट्टीला न घासता वर उचलली जाते. उघडलेले बॉनेट तोलून धरण्याचे काम मात्र टेकूची सळई, गॅस स्ट्रट (दाबलेला वायू भरलेला, लांब-आखूड होणारा दांडा) किंवा जुन्या गाड्यांत बिजागरीलाच लावलेली जाड स्प्रिंग करते. काही नव्या मोटारींत पादचाऱ्याला धडक बसताच बॉनेटची मागची बाजू क्षणार्धात उचलणारी सुरक्षायंत्रणा असते. तिच्यातील काही प्रकार एअरबॅगप्रमाणे स्फोटक द्रव्यावर चालतात. बिजागरीजवळ अशा यंत्रणेची सूचनापट्टी किंवा वायर दिसल्यास तेथील कोणताही बोल्ट स्वतः खोलू नये आणि ते काम अधिकृत वर्कशॉपकडेच द्यावे.

तपासणी

इंजिन थंड असताना गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा आणि बॉनेट बंद असतानाच पाहणीला सुरुवात करावी. बॉनेट आणि दोन्ही बाजूंचे फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) यांच्यामधील फट पुढून मागपर्यंत सारखी आहे का, हे पाहावे. ही फट बहुधा ३ ते ५ मिलिमीटरच्या आसपास असते, परंतु नेमक्या आकड्यापेक्षा ती दोन्ही बाजूंना समान असणे महत्त्वाचे आहे. एका बाजूला फट मागे जाताना निमुळती होत असेल, तर बॉनेट बिजागरीवर तिरके झालेले असते. कडेचा रंग उडाला असेल किंवा घासल्याच्या रेषा दिसत असतील, तर तेही त्याचेच लक्षण आहे.

त्यानंतर बॉनेट अर्धे उघडून दोन्ही हातांनी मागचा एकेक कोपरा वर-खाली आणि आडवा हलवून पाहावा. बिजागरी हलत नसताना कोपरा हलत असेल, तर बोल्ट सैल आहेत. बोल्ट घट्ट असूनही पट्ट्या सांध्यापाशी खडखडत असतील, तर पिन किंवा तिचे छिद्र झिजले आहे. या दोन दोषांचे उपाय पूर्णपणे वेगळे असल्याने हा फरक घाई न करता ओळखावा. शेवटी टॉर्चच्या उजेडात बिजागरीची पट्टी वाकली आहे का, तिला चीर गेली आहे का आणि बॉनेटच्या आतील पत्र्याला बोल्टभोवती तडे आहेत का, हे पाहावे.

साफसफाई आणि ग्रीस

बिजागऱ्या ज्या कोपऱ्यात असतात, तिथेच काचेवरून ओघळणारे पाणी, धूळ आणि सुकी पाने साठतात, त्यामुळे आधी तो कोपरा आणि तेथील पाणी जाण्याची छिद्रे मोकळी करावीत. ओलावा तसाच ठेवून नुसते ग्रीस लावल्यास गंज आतल्या आत वाढत राहतो. जुन्या ग्रीसचा काळा, कडक झालेला थर ब्रश आणि डीग्रीझरने (ग्रीस विरघळवणाऱ्या द्रवाने) काढून कापडाने कोरडा करावा. सांधा जड असल्यास त्यात गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे, ते मुरण्यासाठी काही वेळ द्यावा आणि नंतर बॉनेट थोड्या थोड्या अंतरात अलगद वर-खाली करत राहावे. बाहेर येणारे लालसर तेल पुसून काढावे आणि ते स्वच्छ येईपर्यंत ही कृती पुन्हा करावी. फार घट्ट बसलेल्या सांध्यासाठी तेल सोडून रात्रभर ठेवणे योग्य ठरते. या कामात धीर धरल्याने पत्रा वाचतो.

गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याने आवाज लगेच थांबतो, म्हणून पुष्कळ लोक तिथेच थांबतात. परंतु असे पातळ तेल लवकर उडून जाते आणि त्याच्यासोबत उरलेसुरले जुने ग्रीसही निघून गेलेले असते. त्यामुळे सांधा मोकळा झाल्यावर पांढरे लिथियम ग्रीस प्रत्येक पिनेवर आणि पट्ट्यांच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर लावावे, बॉनेट काही वेळा उघडझाप करून ते आत जाऊ द्यावे आणि वर राहिलेले पुसून टाकावे, कारण उघड्यावर राहिलेले ग्रीस धूळ धरून ठेवते. साधारण दर सहा महिन्यांनी, किंवा गाडी धुळीच्या वा समुद्रकाठच्या हवेत वापरात असल्यास त्याहून लवकर, हे काम करावे. पट्टीवर वरवरचा गंज असेल तर तो तारेच्या ब्रशने घासून त्यावर प्राइमर आणि रंग द्यावा; रंग मात्र सांध्यात जाऊ देऊ नये.

सैल बोल्ट आणि बॉनेटची जुळणी

बोल्ट नुसते सैल झाले असतील आणि बॉनेट जागेवरून सरकले नसेल, तर ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळणे पुरेसे असते. अंदाजाने अति आवळल्यास बॉनेटच्या आतील पातळ पत्र्याला वेल्ड केलेल्या नटाचे आटे खराब होतात किंवा नटच निखळून फिरू लागतो, आणि मग साधे काम किचकट होते.

फट असमान असेल तर जुळणी करावी लागते. प्रथम प्रत्येक बिजागरीच्या कडेभोवती मार्करने बारीक रेघ ओढावी किंवा मास्किंग टेप लावावी, जेणेकरून काही बिघडले तरी मूळ जागेवर परतता येईल. बिजागरीची छिद्रे बोल्टपेक्षा मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात आणि जुळणीला वाव मिळतो तो त्यांतूनच. बॉनेट पुढे-मागे किंवा डावीकडे-उजवीकडे सरकवायचे असेल, तर सहसा बॉनेटच्या बाजूचे बोल्ट सैल करावेत. मागची कड वर-खाली करायची असेल, तर बॉडीच्या बाजूचे. काही गाड्यांत ही मांडणी उलटी असू शकते, म्हणून छिद्रांचा आकार कोणत्या दिशेला लांबट आहे, हे आधी पाहून घ्यावे. बोल्ट पूर्ण न काढता बॉनेट हाताने जेमतेम सरकेल इतकेच सैल करावेत, दोन-तीन मिलिमीटरच सरकवावे, पुन्हा आवळावे आणि बॉनेट हळूहळू खाली आणून फट तपासावी. पहिल्या वेळी ते पूर्ण बंद करू नये, कारण चुकीच्या जागी बसलेले बॉनेट फेंडरचा रंग खरवडू शकते.

मागची बाजू जुळल्यानंतरच पुढची उंची पाहावी. पुढच्या कोपऱ्यांखाली असलेले रबरी टेकू फिरवून ती कमी-जास्त करता येते. लॅचला, म्हणजे बंद बॉनेट पुढून अडकवून ठेवणाऱ्या खटक्याला, हात सर्वांत शेवटी लावावा. तिरके बॉनेट लॅच ओढून सरळ करण्याचा प्रयत्न अनेकदा होतो आणि तो धोकादायक आहे. तसे केल्यास लॅचवर सतत आडवा ताण राहतो आणि ते पूर्ण न अडकण्याची शक्यता वाढते. धावत्या गाडीचे बॉनेट उघडून काचेवर आदळणे किती भयंकर ठरू शकते, हे वेगळे सांगायला नको.

बिजागरी बदलणे

वाकलेली, चिरलेली किंवा पिनेत झिजलेली बिजागरी बदलावीच. ती तापवून वा ठोकून सरळ केल्यास पोलादाची ताकद कमी होते आणि सांधे एका रेषेत राहत नाहीत. नवी बिजागरी घेताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि डावी-उजवी बाजू नीट पडताळावी.

हे काम एकट्याने करू नये. फेंडर आणि काच जाड चादरींनी झाकाव्यात, वायपरच्या पाण्याची नळी किंवा दिव्याची वायर बिजागरीवरून जात असेल तर ती सोडवावी आणि सोबतच्या माणसाला बॉनेटचा मागचा कोपरा संपूर्ण वेळ धरायला सांगावे. शक्य असल्यास एका वेळी एकच बिजागरी काढावी, म्हणजे दुसरी बॉनेटची जागा राखून ठेवते आणि जुळणी बरीच सोपी होते. काही गाड्यांत बॉडीच्या बाजूचे बोल्ट फेंडरखाली किंवा काचेखालच्या प्लॅस्टिक पट्टीखाली लपलेले असतात. ते दिसेपर्यंत पाना लावण्याची घाई करू नये. नवी बिजागरी जुन्या खुणांवर बसवून बोल्ट हाताने फिरवावेत, बॉनेट जुळवावे आणि मगच अखेरचे आवळावेत. उघड्या पडलेल्या पत्र्यावर गंजरोधक प्राइमर देण्यास विसरू नये.

बॉनेट उघडल्यावर आपोआप खाली येत असेल, तर दोष बहुधा बिजागरीत नसून गॅस स्ट्रटमध्ये असतो. त्यात उच्च दाबाचा वायू भरलेला असल्याने तो कापू, भोसकू किंवा तापवू नये. बॉनेटला भक्कम टेकू देऊन एकेक स्ट्रट काढावा आणि दोन्ही एकाच वेळी बदलावेत, नाहीतर नव्या आणि थकलेल्या स्ट्रटच्या असमान जोराने बॉनेटला पीळ बसतो. जुन्या गाडीच्या बिजागरीवरील स्प्रिंगही प्रचंड ताणाखाली असते. योग्य अवजार आणि अनुभव नसेल तर ती काढू नये.

काम झाल्यावर बॉनेट बंद करून पुढची कड दोन्ही बाजूंनी वर ओढून पाहावी आणि गाडीच्या आतील खटका ओढल्यावर दुसरा सुरक्षाखटका बॉनेटला अडवतो का, याची खात्री करावी. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून बिजागरीवर उतरणारी मार्करची एक आडवी रेघ ओढावी, काही दिवस गाडी चालवल्यानंतर पुन्हा पाहावे, आणि ही रेघ तुटलेली दिसल्यास तो बोल्ट परत टॉर्क पान्याने आवळावा.