लंगोट की डायपर? आधी वाळत घालायची दोरी पाहावी

आमच्या घरी मुलीची दोन बाळंतपणे झाली, पहिले माघात आणि दुसरे आषाढात. घर तेच, पडवी तीच, विहीर तीच. तरी पहिल्या वेळी जे लंगोट दुपारच्या आत वाळून घडी होत होते, तेच दुसऱ्या वेळी दोन-दोन दिवस दोरीवर लोंबत राहिले आणि त्यांना कुबट वास येऊ लागला. म्हणून कोणी विचारले की बाळाला कापडी लंगोट बरे की विकतचे डायपर, तर मी आधी दोन गोष्टी विचारते: बाळ कोणत्या महिन्यात येणार आहे, आणि तुमच्या वाडीत कचऱ्याची गाडी येते का.

पहिले काही आठवडे शक्यतो कापडच वापरावे. त्याचे कारण खर्च नव्हे, दूध आहे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत निदान ६ वेळा लघवी करत असेल तर त्याला दूध पुरत आहे असे साधारणपणे धरता येते. लंगोट ओला झाला की ही मोजणी आपोआप होते. डायपर मात्र लघवी शोषून घेतो आणि नवख्या आईला काहीच उमगत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांची शी काळी, चिकट असते आणि तिचे डाग जात नाहीत, म्हणून त्या दिवसांसाठी सर्वांत जुने कापड बाजूला काढून ठेवावे. नाळ गळून पडेपर्यंत लंगोट नाळेच्या खाली दुमडावा, आणि नाडी पोटावर दोन बोटे सहज सरकतील इतकी सैल बांधावी.

कापड निवडताना ते किती शोषते याइतकेच ते किती लवकर वाळते हे पाहावे. आजोबांचे जुने धोतर किंवा आजीचे सुती लुगडे फाडून केलेला चौकोन घडी घातली की जाड होतो आणि उलगडला की एकपदरी होतो. पावसाळ्यात तो आधी वाळतो. बाजारात मिळणारे धुता येण्याजोगे कापडी डायपर नीट बसतात आणि गळत नाहीत, पण त्यांतली जाड गादी सर्द हवेत वाळता वाळत नाही. माझ्या मते ते दिवाळीनंतर जन्मलेल्या बाळासाठी घ्यावेत. उन्हाच्या दिवसांत २५-३० लंगोट पुरतात; पावसाळ्यासाठी त्याच्या दीडपट तरी हवेत.

शीचा लंगोट आधी संडासात झटकून, तिथेच विसळून मगच धुवायला घ्यावा. विहिरीच्या काठावर तो कधीही धुऊ नये, कारण आपला कोकणातला जांभा दगड सच्छिद्र असतो आणि वर सांडलेले पाणी आत झिरपायला वेळ लागत नाही. साध्या साबणाने गरम पाण्यात धुऊन दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावे. साबण राहिला तर बाळाची कातडी लाल होते. कपडे मऊ करणारे द्रव घालू नयेत, त्यांनी कापड पाणी शोषेनासे होते.

खरी परीक्षा वाळवण्याची असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि झड लागली की पडवीतली हवाही ओली असते. शेगडीवर डाले (बांबूची मोठी टोपली) पालथे घालून त्यावर दुपटी वाळवण्याची आपल्याकडची जुनी रीत उपयोगाची आहे, मात्र निखारे धूर न करणारे असावेत आणि शेगडी बाळंतिणीच्या बंद खोलीत ठेवू नये. निखाऱ्यांच्या कोंडलेल्या वायूने जीव जाऊ शकतो. वीज असेल तर पंख्याखाली वाळवून शेवटी इस्त्री फिरवावी. लंगोट हाताला कोरडा वाटला तरी गालाला लावून पाहावा: गार लागला तर त्यात अजून ओल आहे, आणि तो पुन्हा दोरीवर घालावा.

डायपर मला वर्ज्य नाही. रात्री बाळ आणि आई दोघांनाही सलग झोप हवी असते. एसटीच्या प्रवासात किंवा दवाखान्यात जाताना लंगोट सांभाळणे कठीण असते, आणि झडीच्या दिवसांत अर्धवट ओल्या लंगोटापेक्षा कोरडा डायपर शंभर पटींनी बरा. पाकिटावरचे वजन पाहून माप घ्यावे, आणि मांडीवर लाल वळ उठले तर पुढचे माप आणावे. दिवसा ३-४ तासांनी आणि शी झाल्यास तत्काळ बदलावा. फोडलेले पाकीट पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. लंगोट असो की डायपर, बदलताना कातडी कोरडी करून थोडा वेळ उघडी ठेवावी. पावडर उडवू नये, ती बाळाच्या श्वासात जाते. लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही, किंवा जांघेच्या घड्यांत लाल चट्टा आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो; डॉक्टरांना दाखवावे.

वापरलेल्या डायपरचे काय करायचे हे मात्र विकत घेण्यापूर्वी ठरवावे. त्याचे बाहेरचे आवरण प्लास्टिकचे असते आणि आतले दाणे पाणी धरून फुगतात, त्यामुळे तो धड कुजत नाही आणि ओला असल्याने धड जळतही नाही, नुसता घाण वासाचा धूर करत राहतो. आमच्या परसात माडाजवळच्या खड्ड्यात पुरलेले डायपर पहिल्या मोठ्या पावसात वर आले. कुत्र्यांनी ते फाडले आणि पारदर्शक गोळे थेट पऱ्ह्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, वाहत गेले. ते मी हाताने वेचले आहेत. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार असे डायपर नीट गुंडाळून कचऱ्याच्या गाडीला द्यायचे असतात. त्याआधी आतली शी संडासात टाकावी. गाडी येत नसेल तर तालुक्याच्या गावी कचरा घेतात तिथे ते नेऊन द्यावे लागतात. फक्त रात्रीपुरता एक वापरला तर आठवड्याला ७ साठतात, आणि तेवढे झाकणाच्या डब्यात बांधून ठेवून बाजाराच्या दिवशी नेता येतात. दिवसरात्र मिळून ८ वापरले तर ते ५६ होतात.